नुसता पांढरा बॉल

दादूस, तू गेल्याला आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत तुझ्या ओटीवर जो येतो तो एकच गोष्ट बोलून जातो. माणूस साधा होता, पण शेवटी शेवटी काय बुद्धी फिरली कुणास ठाऊक. मालकाच्या बंगल्यात मालकाचाच खेळ खेळायला गेला, पूलच्या टेबलाचं कापड फाडलं आणि बावीस वर्षांची नोकरी घालवून बसला. मग या वयात होडीवर जावं लागलं, आणि तिथेच संपला. ऐकणारे माना हलवतात. मी तिथेच भिंतीला टेकून बसलेला असतो, आणि मीही मान हलवतो.

ते कापड मी फाडलं. सहा महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितोय. अलिबागच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारा टायपिस्ट मी. ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ हे शब्द दिवसातून वीसदा माझ्या बोटांखालून जातात. लोकांची भांडणं, जमिनी, वारस, जन्म, मरण, सगळं मी न अडखळता टाइप करतो. स्वतःचं चार शब्दांचं वाक्य मात्र तू जिवंत असेपर्यंत मला जमलं नाही.

तू माझा सख्खा भाऊ नव्हेस. सात वर्षांपूर्वी तुझ्या दोन कागदांवर दोन जन्मतारखा होत्या म्हणून तू प्रतिज्ञापत्र करायला माझ्या टेबलाशी आलास, तेव्हापासूनची ओळख. मी टाइप करत होतो आणि तू कागदाकडे न बघता माझ्या हातांकडे बघत होतास. तेव्हा मी दारू सोडून एकोणीस दिवस झाले होते. हात असे कापायचे की एकेक ओळ तीनदा मारावी लागायची.

“सोडलीस का?” तू विचारलंस. चार माणसं रांगेत असताना.

मी मान डोलावली. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी त्याला उठवून लावलं असतं.

“कवा जाम तरास होतो?”

“पाच वाजल्यापासून.”

“मंग पाचला माझ्याकडं ये. चौलला, वाडीतल्या बंगल्यावर, मी राखणीला हाय तिथं. सातला घरी जा, जेव नि झोप.”

मी हसलो होतो. लोक मला देव सांगत, आयुर्वेद सांगत, बायकोच्या माहेरचे तर गंडाही घेऊन आले होते. तू एकट्यानं मला वेळ दिलीस, तीही रोजची. दुसऱ्या दिवशी मी अलिबागहून रेवदंड्याची एसटी धरली ती काय आहे ते बघावं म्हणून, आणि पुढची सहा वर्षं धरत राहिलो. मी पुन्हा प्यायलो नाही. आजही नाही. हे तुला सांगताना अभिमान वाटायला हवा, पण तो वाटत नाही.

त्या बंगल्यात पोफळींच्या बाजूला एक लांबट खोली होती आणि खोलीत ते टेबल. थोरल्या शेठनी ते मुंबईहून ट्रकमधून आणवलं होतं. थोरले शेठ गेले, धाकटे शेठ वर्षातून चार-पाचदा यायचे, पण टेबलाची निगा तू थोरल्यांनी शिकवली तशीच राखायचास. आपल्याकडची हवा खारी, दमट. ती कापडात शिरते आणि कापड जड होतं. म्हणून टेबलाच्या पोटाखाली तू दोन पिवळे बल्ब टांगले होतेस, पावसाळ्यात ते दिवसभर जळायचे. आणि हवा कापडात किती शिरलीय हे बघायला रोज पांढरा बॉल सोडायचा. इकडच्या कडेपासून मारायचा, पलीकडच्या कडेला लागून परत यायला हवा, आणि कुठे थांबतो ते बघायचं. टेबलाच्या लाकडी कडेवर पांढरे ठिपके असतात, त्यांना तू टिकल्या म्हणायचास. कोरडी हवा असली की तुझा बॉल इकडच्या कडेजवळ पहिल्या टिकलीपर्यंत यायचा. दमट असली की तिसरीवरच धापा टाकायचा. मग तू बल्ब लावायचास, खिडक्या उघडायचास, ब्रश फिरवायचास.

मी सुरुवातीला ते बघून म्हणालो होतो, “दादूस, हे तर थर्मामीटर झालं.”

“व्हय. पर ताप मोजायला हात सारखा पायजे. आज जोरात नि उद्या हळू मारलास तर कापडाचं कसं कळंल?”

तेव्हापासून माझा हात सारखा करायचं काम सुरू झालं. एका जुन्या लग्नपत्रिकेचा तू तळहाताएवढा तुकडा कापलास आणि टेबलावर ठेवलास. बॉल त्यावर थांबला पाहिजे. पहिल्या महिन्यात माझा बॉल पत्रिकेच्या मागे, पुढे, बाजूला, सगळीकडे थांबला, तिच्यावर कधीच नाही. मी काठी घट्ट धरायचो. हात कापतो म्हणून घट्ट धरायचो, आणि घट्ट धरली की तो आणखी कापायचा.

“ताजा बोंबील कसा धरतात?” तू विचारलंस.

“हळू.”

“दाबलास की गेला. तशी धर काठी. आन् जोर लावू नको. हात किती मागं नेतोस, त्यावर बॉल किती पुढं जातो. जोर येकच, मागं जाणं कमी-जास्त.”

हे मला कळायला पाऊस संपावा लागला. हात एक वीत मागे नेला की एक लांबी. दीड वीत नेला की जाऊन अर्ध्यावर परत. दोन वीत, पूर्ण परत. काठी पुढे जाताना घाई करायची नाही, मध्येच थांबवायची नाही. ज्या दिवशी बॉल पहिल्यांदा पत्रिकेवर थांबला त्या दिवशी तू जवळ आलास. पत्रिका उचललीस, मधोमध दुमडलीस आणि पुन्हा ठेवलीस. सहा वर्षांत ती पोस्टाच्या तिकिटाएवढी झाली. तुझं ते दुमडणं हीच माझी शाबासकी होती आणि मला ती पुरायची.

पण एक गोष्ट पुरायची नाही. तिच्यावरून आपण सहा वर्षं भांडलो.

बाकीचे पंधरा बॉल कपाटात होते. पुठ्ठ्याच्या खोक्यात, पिवळे, लाल, निळे, पट्ट्यांचे. कपाटाची चावी तुझ्याच जुडग्यात होती. तू ते दर महिन्याला पुसायचास आणि परत ठेवायचास. एकदाही टेबलावर मांडले नाहीस. मी म्हणायचो, “दादूस, आपण सहा वर्षं नुसतं जाळं विणतोय. होडी कधी पाण्यात न्यायची?” तू म्हणायचास, “ते बॉल मालकाचे. पांढरा माझ्या कामाचा.” मी म्हणायचो, “मालकाला कळणार कसं?” तू म्हणायचास, “त्याला कळायचं हाय कशाला? मना कळतंय ना.” मग मी चिडायचो. मी म्हणायचो की तुझा हा प्रामाणिकपणा म्हणजे भीती आहे, नोकरमाणसाची भीती, तिला तू सोवळं नेसवलंयस. एकदा तर मी म्हणालो की शेठच्या मित्रांना काठी कुठल्या टोकानं धरायची ते कळत नाही, आणि ते खेळतात. ज्याच्या हातात ते टेबल आहे त्यानं आयुष्यभर थर्मामीटर लावायचा. त्यावर तू हातातला ब्रश जागेवर ठेवलास. मग म्हणालास, “तुला खेळायचं आसंल तर अलिबागला क्लब हाय. जा, खेळ.” मला तिथे जायचं नव्हतं. मला त्या टेबलावर खेळायचं होतं, तुझ्याबरोबर, एकदा. हे मी तुला या शब्दांत कधीच सांगितलं नाही, कारण सांगताना मी भांडत असायचो.

वैशाखात तुझी बेबी दिघीला बाळंत झाली. तू आणि हिरावहिनी आगरदांड्याहून फेरीबोटीनं पलीकडे जाणार, नातू बघणार, दोन दिवसांनी येणार. आदल्या दिवशी संध्याकाळी तू जुडगा माझ्या हातात दिलास. बंगल्याची चावी दुसऱ्याला द्यायची नाही, हा शेठचा पहिला नियम. तो तू बावीस वर्षांत पहिल्यांदा मोडलास, आणि तोही खिडक्या उघडायला माणूस हवा म्हणून, टेबलाला वास धरू नये म्हणून. “तुझ्या वहिनीला बी सांगितलं न्हाय,” तू म्हणालास. “खिडक्या उघड, बॉल येकदा सोड, बंद कर. बस.”

दुसऱ्या दिवशी मी कोर्टातून लवकर सुटलो. तीनला बंगल्यावर पोचलो. खिडक्या उघडल्या. ब्रश फिरवला. आणि पांढरा बॉल सोडायच्या आधी कपाट उघडलं.

मी तुला काय झालं ते नीट सांगतो, कारण तू ते नुसत्या खुणांवरून वाचलंस आणि मी कधी तोंडानं सांगितलं नाही. मी पंधरा बॉल त्रिकोणात मांडले. हात थरथरत नव्हता, उलट मला वाटलं की इतका स्थिर तो कधीच नव्हता. मग लक्षात आलं की हे फोडायचे तर जोरानं मारायला हवं. आणि दादूस, सहा वर्षांत मी एकदाही जोरानं मारलेलं नव्हतं. मला वीत माहीत होती, दीड वीत माहीत होती, दुमडलेल्या पत्रिकेवर बॉल निजवणं माहीत होतं. जोर कसा लावतात हे तू शिकवलंच नव्हतंस, कारण एकट्या पांढऱ्या बॉलला त्याची गरज नव्हती. मी हात खांद्यापर्यंत मागे नेला, काठी घट्ट आवळली आणि सगळं अंग पुढे टाकलं. टोक बॉलच्या खाली गेलं. बॉल उडून फरशीवर पडला. पंधरातला एकही जागचा हलला नाही. कापड फाटल्याचा आवाज मोठा नसतो, पण तो मला ऐकू आला. चार बोटं लांब, कोपऱ्यासारखं वळलेलं, आत कापडाखालचा दगडी तक्ता दिसत होता.

मी ते बोटांनी दाबून बसवलं. जणू बसणार होतं. पंधरा बॉल खोक्यात ठेवले, रंगांची जागा आठवून आठवून. टेबलावर झाकण ओढलं. संध्याकाळी तुझा फोन आला. मागे फेरीचा भोंगा ऐकू येत होता. “समदं ठीक?” “ठीक.” “बॉल कुठं थांबला?” “दुसऱ्या टिकलीवर,” मी म्हणालो. त्या दिवशी बॉल थांबला नव्हता, फरशीवरून कपाटाखाली गेला होता.

तू परत आलास त्या दिवशी मी पाचला आलो. तू सकाळीच झाकण काढून बॉल सोडायला गेला असशील, हे मला ठाऊक होतं. खोलीचं दार बंद होतं. तू म्हणालास, “आज टेबल नको. आज वाडीत बसू.” आपण पोफळींखाली बसलो. तू नातवाचं नाक कसं आहे ते सांगितलंस. मी कोर्टातल्या एका बांधाच्या भांडणाची गंमत सांगितली. तू हसलास. मग माझ्याकडे बघत राहिलास. मी उठलो. दुसऱ्या दिवशीही तेच. “आज बी वाडीतच बसू.” तिसऱ्या दिवशी तेच. पाच दिवस, दादूस. पाच दिवस तू मला रोज दोन तास वाट करून दिलीस आणि मी रोज दुसऱ्यांच्या भांडणांच्या गोष्टी सांगून एसटी धरली.

मला तुझा राग येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण येतो. तू विचारलं का नाहीस? रोज बॉल कुठे थांबला हे विचारणारा माणूस तू. एकदा कॉलर धरून विचारलं असतंस तर मी तिथेच रडून सांगितलं असतं. तू विचारशील याची मी वाट बघत होतो, आणि मी सांगेन याची तू. त्यात शनिवार आला आणि शेठ आले.

सोमवारी सकाळी तू कोर्टाबाहेर माझ्या टेबलासमोर उभा होतास. धुतलेला शर्ट घालून. “शेठनं लिहून मागितलंय,” तू म्हणालास. “घे लिहून.” आणि सांगायला लागलास. मालकांच्या गैरहजेरीत मी कपाटातले सगळे बॉल बाहेर काढले. एकट्यानं खेळलो. काठी घट्ट धरली, जोर जास्त झाला, टोक खाली शिरलं. कापड फाटलं. याला मी एकटा जबाबदार आहे.

तुला सगळं ठाऊक होतं. चावी तू फक्त मला दिली होतीस, आणि काठी घट्ट कोण धरतो हे त्या गावात फक्त तुला माहीत होतं. मी टाइप केलं. माझी बोटं एकदाही चुकली नाहीत. प्रिंट काढली, तुझ्यासमोर ठेवली, कुठे सही करायची ते बोटानं दाखवलं. तू सही केलीस, कागदाची घडी घातलीस आणि जाता जाता वळून म्हणालास, “पाचला आता कुठं जाशील?”

एवढंच. नोकरी तुझी जात होती आणि चिंता तुला माझ्या पाच वाजण्याची. मी म्हणालो, “बघतो काहीतरी.” त्याच दुपारी शेठनं तुझ्याकडून जुडगा घेतला आणि एजन्सीचा गणवेशातला माणूस ठेवला.

पावसाळाभर तू घरी बसलास. मी तीनदा आलो. तिसऱ्या खेपेला वहिनी तुला वाढत होती. बाजारातून मासळी विकून आली होती, पाय सुजलेले. भात वाढता वाढता म्हणाली, “सांगा भावजी तुमच्या भावाला. साठीला आला, पोरखेळ सुटंना. लोकांच्या घरात रंगीत गोट्या खेळायला गेला.” तू कालवण भातावर ओतलंस आणि जेवत राहिलास. मी म्हणालो, “जाऊ द्या वहिनी, झालं ते झालं.” मी असं म्हणालो. तुझ्या पानासमोर बसून.

त्यानंतर मी तुझ्या घरी आलो नाही.

नारळी पौर्णिमा झाली आणि तू होडीवर गेलास. तरुणपणी गुडघा मोडला म्हणून समुद्र सोडलेला तू, वहिनीच्या चुलतभावाच्या होडीवर जेवण रांधायला लागलास. मी कार्तिकाच्या सुरुवातीला एक दिवस रजा टाकून आगरदांड्याला आलो. सांगायचंच असं ठरवून आलो होतो, रस्ताभर शब्द जुळवत होतो. तू होडीच्या मागच्या बाजूला बसून कांदे सोलत होतास. बारीक झाला होतास, गळ्याची हाडं वर आली होती. मला बघून तू सुरी बाजूला ठेवलीस. पहिला प्रश्न काय विचारलास ते तुला आठवत असेल. “हात कसा हाय?” मी हात पुढे केला. तू तो आपल्या ओल्या हातात धरलास, थोडा वेळ तसाच ठेवलास. “थिर हाय,” तू म्हणालास आणि सोडलास. होडी चालवणाऱ्या तांडेलानं हाक मारली, इंजिन सुरू झालं. मी धक्क्यावर उभा राहिलो. जे सांगायला आलो होतो ते घेऊन परत गेलो.

नवव्या दिवशी फोन आला. तू जेवण वाढून झाल्यावर केबिनला टेकून बसलास आणि उठलाच नाहीस, असं तांडेल म्हणाला. किनारा सात तासांवर होता. तुला खालच्या खणात बर्फावर ठेवून आणलं, मासळीच्या शेजारी. धक्क्यावर मी आणि चौघांनी तुला वर घेतलं तेव्हा तुझ्या शर्टातून पाणी गळत होतं. बाजूला दिघीची फेरी भरत होती. स्कूटरवरची माणसं हेल्मेट काढून बघत होती. मी तुझा हात धरला होता आणि तो इतका गार होता की माझी बोटं बधिर झाली. मी तेव्हा मोठ्यानं काहीतरी बोललो, असं लोक सांगतात. काय ते मला आठवत नाही. पण ते चार शब्दांचं वाक्य नव्हतं हे नक्की, नाहीतर कुणीतरी मला विचारलं असतं.

काल खाडीवर तुझं दहावं झालं. लोक पांगले. वहिनी आतल्या खोलीत तुझे कपडे वेगळे काढत होती, कुणाला काय द्यायचं ते. मी दारात उभा राहिलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं. चावी, पंधरा बॉल, पाच दिवस, तो कागद. मी प्रतिज्ञापत्र वाचून दाखवावं तसं सांगत गेलो.

तिला ते कळायला वेळ लागला. “तुमी?” ती म्हणाली. “मंग त्यानं सही का केली?”

“माझ्यासाठी.”

ती तुझ्या एका शर्टाची बटणं लावत बसली. सगळी लावली, मग परत काढली.

“मी रोज बोलत व्हते त्याला,” ती म्हणाली. “जेवताना, झोपताना. शेजारणींसमोर. पोरीच्या सासूसमोर बी बोलले. तो येकदा बोलला न्हाय, का मी न्हाय केलं.”

“नाही बोलला.”

“शेवटच्या खेपेला जाताना डबा दिला त्याच्या हातात. तवा बोलले, तिकडं तरी दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नको. तो बोलला, व्हय. आन् गेला. ते माझं शेवटचं बोलणं हाय त्याच्याशी.” तिनं शर्ट मांडीवर ठेवला. “आता हे मी कुणाजवळ मागं घेऊ?”

दादूस, मला तू वारल्याचं दुःख होतं, मला माझ्या भेकडपणाची लाज होती. पण हे मला ठाऊक नव्हतं. मी गप्प बसलो तेव्हा तुझी नोकरी गेली एवढंच मला दिसत होतं. तुझ्या घरात रोज तुझ्या पानाशी काय वाढलं जात होतं, आणि ते वाढणारीला आता काय घेऊन जगायचंय, हे मी एकदाही पाहिलं नाही. त्या एका जेवणाला मी समोर बसलेला असूनही.

मी म्हणालो, “मी शेठना लिहून देतो. उद्याच टाइप करतो.”

वहिनीनं मान वर केली. आजवर ती मला भावजी म्हणायची, तुम्ही म्हणायची.

“शेठला काय सांगतंस? शेठ माझ्या ओटीवर आला का? त्यानं दुसरा माणूस ठेवला, तो मोकळा झाला. मी ज्यांच्यासमोर त्याला बोलले, त्यांच्यासमोर सांग. परवा बारावं हाय. समदी आळी येईल, दिघीहून बेबीची सासू येईल, होडीची माणसं येतील. पानं मांडायच्या आधी सांग. उभा राहून सांग.”

“सांगतो,” मी म्हणालो.

“आन् सांगून झालं का जा,” ती म्हणाली. “त्याच्या नावाच्या पानावर तू बसू नको.”

रात्री मी काय बोलायचं ते टाइप करून पाहिलं. ‘मी खाली सही करणार’ अशीच सुरुवात होत गेली, म्हणून पुसून टाकलं. कागद न घेताच येईन. तुझ्या बेबीकडे बघून बोलायचं ठरवलंय, ती बाळाला घेऊन आलीय आणि तिलाही बाप म्हातारपणी चळला असंच ठाऊक आहे.

उद्या अकराला माणसं जमतील, दादूस. ते कापड तू फाडलं नव्हतंस, मी फाडलं, आणि तुला ठाऊक असून तू माझं नाव घेतलं नाहीस, एवढं मी उभा राहून सांगेन. मग ते सगळे तुझ्या नावानं जेवायला बसतील, आणि मी त्यांच्यामधून वाट काढत रस्त्यावर येईन.